दासरी मॅडमचं बहुउद्देशीय मैदान

आमच्या गावात फुटबॉलचं स्टेडियम कुणी मागितलं नव्हतं. मागितला होता तो कुस्तीचा आखाडा, आणि जमलंच तर त्याला लागून एक सभागृह. अर्ज वर गेला, बरीच वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि मंजूर होऊन खाली आला तेव्हा त्याचं 'बहुउद्देशीय क्रीडा संकुल' झालं होतं. सोबत छापील नकाशा होता आणि नकाशात मधोमध फुटबॉलचं मैदान होतं. ठेकेदारानं नकाशाबरहुकूम काम केलं. दोन टोकांना दोन गोलपोस्ट रोवले आणि एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी बांधली, ती नेमकी पश्चिमेकडं तोंड करून. त्यामुळं दुपारनंतर तिथं बसलेला माणूस कपाळावर हात आडवा धरूनच बसतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गाव मैदानाला सलाम ठोकतंय.

फुटबॉल कुणाला येत नव्हता, पण 'बहुउद्देशीय' हा शब्द गावानं फार मनावर घेतला. गॅलरीच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळू लागल्या. मैदानात लग्नं लागली, सभा झाल्या, ईदच्या आधी बोकडांचा बाजार भरला. ऊसतोडीला आलेल्या बायका गोलपोस्टच्या आडव्या दांडीला झोळी बांधून त्यात पोरं झोपवायच्या. खरं सांगायचं तर ती दांडी त्या कामाला इतकी सोयीची होती, की ती त्यासाठीच लावली आहे असं पुष्कळांना वाटे.

अशा गावात आमच्या शाळेला क्रीडाशिक्षिका म्हणून दासरी मॅडम आल्या.

सोलापूरच्या विणकर वस्तीतलं घर, घरात बोलणं तेलुगू. वय पन्नाशीकडं झुकलेलं, बांधा बुटका आणि भरलेला. अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी काळ्या दोरीतली शिट्टी. या दोन्ही गोष्टी त्यांनी कधी काढलेल्या मी पाहिल्या नाहीत. लहानपणी भावांबरोबर गिरणीच्या मैदानावर फुटबॉल खेळून त्या मोठ्या झाल्या होत्या आणि जगात दुसरा खेळ आहे हे त्यांना माहीत असलं, तरी पटलेलं नव्हतं.

हजर झाल्या त्या दिवशी शिक्षकखोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सर, मैदान कुठं आहे?" मी भूगोल शिकवतो, त्यामुळं दिशा दाखवणं माझ्याकडंच येतं. मी त्यांना घेऊन गेलो. तिथं कृषी प्रदर्शन भरलं होतं. अकलूजकडच्या गोलसमोर एक पांढराशुभ्र खिलार बैल उभा होता, शिंगांना गोंडे, गळ्यात पट्टा. त्याचं बक्षीस नुकतंच जाहीर झालं होतं आणि मालक हार घालून शेजारी उभा होता. मॅडमनी बैलाकडं पाहिलं, गोलपोस्टकडं पाहिलं आणि मालकाला विचारलं, प्रदर्शन कधी संपणार. तो म्हणाला, परवा.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तोवर याला जरा बाजूला घ्या की. पेनल्टी मारायच्या जागेवर शेण पडायलंय."

मालकानं बैल बाजूला घेतला. कशासाठी घेतला हे त्याला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या सांगण्यात तसं काहीतरी होतं.

त्यांचं मराठी सोलापुरी होतं, त्यामुळं समजायला अडचण नव्हती. अडचण एकाच शब्दाची होती. राग आला किंवा घाई झाली की त्यांच्या तोंडून तेलुगू निघे, आणि तेलुगूत 'चालू' म्हणजे पुरे, बास. पहिले काही महिने यानं फार घोटाळे झाले. मुलं मारामारी करत असली की मॅडम लांबून ओरडत, "चालू, चालू," आणि मुलं आधी चकित होत, मग आज्ञेप्रमाणे मारामारी चालू ठेवत. स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांचं भाषण लांबलं तेव्हा मॅडमनी माइकवाल्याला हातानं खूण करून 'चालू' म्हटलं. त्यानं विंगेतला बंद ठेवलेला दुसरा कर्णाही सुरू केला. पाहुणे खूष झाले आणि पुन्हा मुळापासून बोलू लागले.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे 'सावधान'. कवायतीच्या तासाला त्या हा शब्द असा उच्चारत, की मैदानातली मुलं जिथल्या तिथं टाचा जुळवून ताठ होत. वर्गात शिकवताना तो आवाज खिडकीतून आला, की माझ्याही हातातला खडू थांबे. मॅडमचा नियम होता, 'सावधान' म्हटल्यावर अंगावर मुंगी चढली तरी हलायचं नाही, 'विश्राम' म्हणेपर्यंत. मुली हा नियम मुलांपेक्षा कडक पाळत.

मुलींचा संघ त्यांनी वर्षभरात उभा केला. आधी मुलं घेऊन पाहिली, पण मुलांना क्रिकेटखेरीज काही गोड लागेना. मुलींना कुणी काहीच खेळायला दिलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांना फुटबॉलही चालला. संघाची कप्तान राणी वाघमोडे. तिचे आईवडील मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचे आणि ती मामाकडं राहून शिकायची. पायाला अनवाणी चालायची इतकी सवय की बूट घातले तर तिला पळता येईना. गोलला शबाना, चिकन सेंटरवाल्याची मुलगी. ती चेंडू असा धरायची, की धरलेलं काही सुटू शकतं हे तिला माहीतच नसावं.

प्रेक्षक मात्र मॅडमनी मिळवले नाहीत, ते आपोआप आले. सराव सुरू झाला तेव्हा गॅलरीत पापड होते. बायकांना वाटलं, ही मास्तरीण आता आपल्याला उठवणार. मॅडम वर गेल्या, एका पापडाचा तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, पापड पायऱ्यांवर खुशाल ठेवा, पण रेघेच्या आत एकही नको. बायकांना कावळे हाकायला बसावंच लागे. बसल्या बसल्या त्या खेळ पाहू लागल्या. एका उन्हाळ्यात त्यांना इतकं कळायला लागलं, की राणीनं चुकीचा पास दिला की वरून एखादी म्हातारी म्हणे, "अगं भवाने, तिकडं शबी मोकळी हाय न्हवं." शबाना गोलकीपर आहे, ती मोकळीच असते, हे तिला समजावून सांगणं आम्ही सोडून दिलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एक दिवस माझ्या हातात लाल झेंडा दिला आणि रेघेवर उभं केलं. चेंडू बाहेर गेला की वर करायचा. ऑफसाइड मात्र मला कधी समजली नाही. मी मॅडमच्या तोंडाकडं पाहून झेंडा वर करत असे.

मैदानावर रेघा मारायला चुन्याची फक्की लागे, आणि शाळेकडं फक्कीला पैसे नसत. एकदा एक मोठे पुढारी हेलिकॉप्टरनं येणार होते. बांधकाम खात्याची माणसं फक्कीची पोती घेऊन आली आणि उतरायच्या जागेचं वर्तुळ आखायला लागली. त्यांचं वर्तुळ काही केल्या गोल होईना. मॅडम सराव थांबवून तिथं गेल्या, मधोमध एक खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि झकास वर्तुळ मारून दिलं. साहेब लोक त्यांना धन्यवाद देऊन गेले. पुढारी आले, धूळ उडाली, सभा झाली, पुढारी गेले. मग मॅडमनी वर्तुळातलं इंग्रजी एच तेवढं झाडूनं पुसलं. ते मध्यवर्तुळ मापात बसत होतं. उरलेली पोती त्यांनी मुलींकरवी शाळेच्या खोलीत नेऊन ठेवली होती.

पण दासरी मॅडम म्हटलं की मला आठवतो तो अकलूजच्या संघाबरोबरचा सामना.

तालुक्याची अंतिम फेरी होती. जिंकणारा संघ सोलापूरला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. आमच्या संघातल्या निम्म्या मुलींनी सोलापूर पाहिलेलं नव्हतं. एसटीत कुणी खिडकीशी बसायचं यावरून त्यांची आधीच भांडणं झाली होती. सामना आमच्या मैदानावर ठरला आणि मग कळलं, की त्याच दिवशी तिथं आप्पांच्या मुलीचं लग्न आहे. आप्पा म्हणजे गावच्या नगरपंचायतीतले नगरसेवक, रस्त्यांची कामं घेणारे, माणूस भला पण आवाज मोठा. मैदान मिळालं नाही, तर न खेळताच अकलूजचा संघ पुढं जाणार होता.

मॅडम आप्पांच्या घरी निघाल्या. मला सोबत घेतलं, का ते माहीत नाही, कारण तिथं मी फक्त चहा प्यायलो.

"बाई, लगीन हाय," आप्पा म्हणाले. "मी काय बोकडाचा बाजार भरवत न्हाय."

"लग्न गोरज मुहूर्तावर आहे की आप्पा. दुपारी मैदान मोकळंच."

"आन् मांडव कुटं घालू?"

"गोलच्या मागं घाला. तिकडं जागा पण आहे, सावली पण आहे."

"पावणे दुपारपासनं येत्यात. त्येंला कुटं बसवू?"

"गॅलरीत. मॅच बघतील. जेवणापर्यंत पावण्यांचं काय करायचं, हा तुमचाच प्रश्न होता की."

आप्पांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. मग त्यांनी मांडववाल्याला फोन लावला.

असा सामना मी पुन्हा पाहणार नाही. गॅलरीत एका बाजूला वराकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला वधूकडची, सगळ्यांच्या डोक्यावर फेटे आणि सगळ्यांचे हात कपाळावर. वराकडचे लोक अकलूजच्या बाजूचे होते, त्यामुळं बाजू आपोआप वाटल्या गेल्या. पहिल्या अर्ध्या वेळात चेंडू एकदा मांडवामागं आचाऱ्याच्या चुलीपाशी गेला आणि बुंदीच्या पाकात पडला. आचाऱ्यानं तो पुसून परत दिला, पण पाक तो पाकच. त्यानंतर ज्या मुलीनं हेडिंग केलं तिच्या केसांत माश्या घोंगावत राहिल्या. सोलापूरहून आलेला पंच तरुण होता. चेंडू चिकट झाल्यावर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

खेळ बरोबरीचा चालला होता. गोल कुणाचाच नाही. वेळ संपत आली तशी मॅडम रेघेबाहेर येरझारा घालू लागल्या. राणीनं अकलूजच्या मुलीकडून चेंडू काढून घेतला, नीट पायाखाली ठेवला आणि पास कुणाला द्यावा म्हणून मान वर केली.

तेवढ्यात मांडवातला कर्णा खरखरला. नवऱ्या मुलाचे मामा मंगलाष्टकं म्हणणार होते. त्यांना मुहूर्ताआधी आवाज तपासून पाहायचा होता. त्यांनी कडवं वगैरे म्हटलं नाही. नेमका शेवट तेवढा घेतला, खड्या आवाजात, लांबवून.

"शुभमंगल सावधान."

राणी ताठ झाली. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, नजर समोर. तिच्या मागच्या मुली ताठ झाल्या. गोलमध्ये शबाना ताठ झाली. आमचा सगळा संघ मैदानात जिथल्या तिथं खांबासारखा उभा राहिला. अकलूजची मुलगी आधी घाबरली. तिनं आजूबाजूला पाहिलं, पंचाकडं पाहिलं. मग तिनं राणीच्या पायापुढचा चेंडू अलगद काढून घेतला आणि चालत चालत शबानाच्या शेजारून गोलमध्ये नेऊन ठेवला. शबानाची पापणीही हलली नाही.

गॅलरीत कुणाला काही कळलं नाही. बँडवाल्यांना वाटलं, मुहूर्त लागला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मॅडम त्यांच्याकडं हात करून ओरडल्या, "चालू, चालू," आणि बँडवाल्यांनी ताशाही घेतला.

आप्पा नवा फेटा सावरत मैदानात पळत आले आणि हा गोल धरायचा नाही म्हणून पंचाला सांगू लागले. वराकडचे दोघंतिघं खाली उतरले. वधूपिता आणि वरपक्ष फुटबॉलवरून समोरासमोर उभे राहिले. पंच मॅडमपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, तुमची हरकत असेल तर सांगा, मी विचार करतो. अकलूजचे शिक्षकही सज्जन होते. तेही म्हणाले, तेवढा भाग पुन्हा खेळू.

मॅडमनी मैदानाकडं पाहिलं. मुली अजून ताठच होत्या.

"शिट्टी वाजली होती का?" त्यांनी पंचाला विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग गोल आहे."

मग त्या मुलींकडं वळून म्हणाल्या, "विश्राम."

आम्ही हरलो. राणी मैदानातच मांडी घालून बसली आणि रडू लागली. "मॅडम, तुमीच सांगितलं हुतं," ती म्हणाली, "सावधान म्हटलं की हलायचं न्हाय." मॅडम तिच्या शेजारी गवतात बसल्या, इस्त्रीच्या साडीसकट.

"हो अम्मा," त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे. मीच चुकीचं शिकवलं."

आप्पांनी दोन्ही संघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मुहूर्तापर्यंत थांबण्याची मुलींची तयारी नव्हती, म्हणून त्यांची पंगत आधीच बसवली, आणि आप्पा स्वतः बुंदी वाढत फिरले. राणीच्या पानात त्यांनी इतकी वाढली, की तिला वरण घ्यायला जागा उरली नाही. जेवण निम्म्यावर आलं आणि मांडवात खरी मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, मामांनी 'सावधान' म्हटलं आणि आमची अख्खी ओळ हातातला घास तसाच धरून उठून ताठ उभी राहिली. शेजारी अकलूजच्या मुली होत्या, त्या हसायला लागल्या. मग वाढपी हसले, मग राणीच हसायला लागली, पण ताठ राहून. मॅडमनी बराच वेळ तोंड गंभीर ठेवलं. शेवटी, आपण म्हटल्याशिवाय या बसणार नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी बारीक आवाजात 'विश्राम' म्हटलं, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

दुसऱ्या आठवड्यापासून सरावाची पद्धत बदलली. मॅडमनी मोबाइलला जोडायचा एक डबा आणला आणि मुली खेळत असताना त्यावर मंगलाष्टकं लावायला सुरुवात केली. 'सावधान' आलं की जी थांबेल तिनं मैदानाला फेरी मारायची. शिट्टी हीच खरी, बाकी सगळं आवाज, असं त्यांचं म्हणणं. सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक काही दिवस गोंधळले. रोज कुणाचं लग्न लागतंय आणि आपल्याला पत्रिका कशी नाही, अशी एकानं माझ्याकडं तक्रारही केली. गॅलरीतल्या पापडवाल्या बायकांना मात्र हे फार आवडलं. त्या बसल्या जागी अक्षता टाकल्यासारखे हात करत आणि कावळे हाकत.

या शिक्षणाचा परिणाम प्रजासत्ताक दिनाला दिसला. झेंड्यासमोर मुख्याध्यापकांनी 'सावधान' म्हटलं. मुलं ताठ झाली. मुलींच्या रांगेत शबाना डोकं खाजवत राहिली आणि राणी शेजारणीशी बोलत राहिली. मुख्याध्यापकांनी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. काही नाही. पाहुण्यांच्या रांगेत आप्पा होते, ते मान खाली घालून हसू दाबत होते. मॅडमनी गळ्यातली शिट्टी उचलून एकच आखूड फुंकर मारली आणि सगळ्या मुली काठीसारख्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या शाळेत झेंडावंदन शिट्टीवर होतं. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना याचं कारण कुणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी सामना अकलूजला झाला आणि आमच्या मुली जिंकल्या. तिथं शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, याचं मॅडमना वाईट वाटलं. मुली सोलापूरला गेल्या आणि पहिल्याच सामन्यात सपाटून हरल्या. मॅडमनी त्यांना घरी नेलं, यंत्रमागावर निघणारी चादर दाखवली, पोटभर जेवायला घातलं आणि परत आणलं. मुख्याध्यापकांनी निकाल विचारला, तर म्हणाल्या, सगळ्यांना खिडकी मिळाली.

त्या निवृत्त होऊन सोलापूरला गेल्या. नंतरच्या उन्हाळ्यात मला डोळे दाखवायला सोलापूरला जावं लागलं. दवाखान्यातून निघालो आणि पत्ता विचारत त्यांच्या वस्तीत गेलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट येत होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा अडली. पुढं एक स्कूटरवाला, त्याच्या पुढं सुताचे गठ्ठे लादलेला हातगाडा, त्याच्या पुढं एक पांढरी मोटार, सगळे गप्प उभे. गल्लीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं दिसत होतं, एक पाय समोर विटेवर ठेवलेला. पायांत बूट होतेच. भोवती गल्लीतल्या पोरी खेळत होत्या. घागरा, फ्रॉक, शाळेचा गणवेश, जे असेल ते घालून. चेंडू कुणाच्या तरी ओट्याखाली गेला होता आणि एक पोर आडवी होऊन तो काढत होती.

मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. मॅडमनी त्याच्याकडं न बघता हात आडवा धरला. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

मी रिक्षातून उतरून पुढं गेलो. त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. ओळखलं हे मला दिसलं, कारण चेहरा एकदम उजळला. मी हात वर करून हसलो, आणखी दोन पावलं टाकली आणि बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात पोरीनं ओट्याखालून चेंडू काढला आणि डोक्यावर धरून फेकायला उभी राहिली. मॅडमनी माझ्याकडं तळहात केला. सर, जरा थांबा.

मी मोटारीच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मोटारवाल्यानं काच खाली केली आणि मला विचारलं, अजून किती वेळ आहे. मी म्हणालो, ते त्यांनाच विचारा. त्यानं एकदा मॅडमकडं पाहिलं आणि गाडी बंद केली.